लायपोसक्शननंतर पोटावर खड्डे आणि गाठी राहिल्या आहेत, दुरुस्तीबद्दल माहिती हवी

अबोली४१

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत दोन महिने गेले, शेवटी आज धागा काढतेय.

नऊ महिन्यांपूर्वी माझं पोटाचं, कमरेच्या दोन्ही बाजूंचं आणि मांड्यांच्या आतल्या भागाचं लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणं) झालं. वय ४१, दोन सिझेरियन, वजन ऑपरेशनच्या वेळी ६८ आणि आता ६६ किलो. मधुमेह, थायरॉइड, सिगारेट काही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

आता त्रास. जरा सविस्तर लिहिते, कारण डॉक्टरांसमोर बसलं की दोन मिनिटांत मला ते कधीच धड सांगता आलेलं नाही.

बेंबीखाली उजवीकडे एक लांबट खड्डा आहे, करंगळीच्या दोन पेरांएवढा. समोरून दिवा असेल तर दिसत नाही. पण सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की त्याच्या एका कडेला सावली पडते, आणि मग आरशात मला तेवढंच दिसतं. पोट आत घेतलं की तो अजून खोल जातो, जणू कातडी आतून कुणी चिमटीत धरलीय. त्याच्या थोडं वर दोन टणक गाठी आहेत, हाताला गोटीसारख्या लागतात, दाबल्या तर किंचित दुखतात. कमरेला डावीकडे आडवी खाच पडलीय. ती नेमकी तिथेच आहे जिथे प्रेशर गारमेंट (ऑपरेशननंतर घालायचं घट्ट, दाब देणारं वस्त्र) मी खुर्चीत बसले की दुमडायचं. सहा आठवडे ते दिवसरात्र अंगावर होतं आणि दुमड पडू द्यायची नाही हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मांड्यांच्या आतली कातडी तर सैल पडलीय, चालताना बारीक चुण्या दिसतात.

तिसऱ्या महिन्यात सर्जन म्हणाले, सूज आहे, थांबा. सहाव्या महिन्यात म्हणाले, थोडं राहिलंय, टचअप करू. आता म्हणतात, आजूबाजूची चरबी आणखी काढू म्हणजे पातळी एकसारखी होईल. मला हेच कळत नाही. आधीच खड्डा आहे, तिथे अजून काढून सारखं कसं होणार? दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत फॅट ग्राफ्टिंग, म्हणजे आपलीच चरबी दुसरीकडून घेऊन भरणं, सांगितलं. एका स्किन क्लिनिकमध्ये रेडिओफ्रिक्वेन्सीच्या (मशीनच्या उष्णतेने कातडी आकसवायच्या) सिटिंगचं पॅकेज समोर ठेवलं. तीन ठिकाणी तीन उत्तरं.

अजून थांबण्यात अर्थ आहे का? माझ्या या चार तक्रारी म्हणजे एकच गोष्ट आहे की चार वेगळ्या? आणि पुन्हा टेबलावर झोपण्याआधी सर्जनला नेमकं काय विचारायचं?

घरचे म्हणतात कपड्यांतून काही दिसत नाही. खरंच दिसत नाही. पण रोज अंघोळीच्या वेळी माझा हात त्या खड्ड्यावर जातो आणि दिवस तिथूनच सुरू होतो. हौसेने केलेली गोष्ट म्हणून कुणाकडे बोलायचीही चोरी. कृपया ‘आधी करायचंच नव्हतं’ असं कुणी लिहू नका, ते मी स्वतःला पुष्कळदा म्हणून झालंय.

कृष्णकमळ

अबोली, मी याच फेऱ्यातून गेलेय. माझे खड्डे मांडीच्या बाहेरच्या बाजूला होते. मीही घाईने ‘टचअप’ला हो म्हणणार होते, पण दुसऱ्या सर्जनने थांबवलं. पहिल्या ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी दुरुस्ती झाली. आत चिकटलेली कातडी आधी सोडवली, मग गुडघ्याच्या आतल्या बाजूची थोडी चरबी घेऊन तिथे भरली. पहिल्या महिन्यात जागा जरा फुगलेली होती, मी खूश. तिसऱ्या महिन्यात त्यातली बरीच विरघळली आणि मी पुन्हा रडले. पण सगळी नाही गेली. वर्षभराने अगदी छोटी दुसरी सिटिंग केली. आज तिरप्या उजेडात शोधलं तर कळतं, शोधलं नाही तर नाही. त्या तिसऱ्या महिन्यासाठी मनाची तयारी ठेव, एवढंच आत्ता सांगते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, फोटो दाखवते.

शस्त्रवैद्य

अबोलीताई, मी प्लास्टिक सर्जन आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुमचा दुसरा प्रश्न अचूक आहे. या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघींचा इलाज वेगळा. तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली, कारण प्रत्येकाने चारपैकी एकीकडेच पाहिलं असावं.

आधी खड्डा. पोटावरच्या चरबीचे दोन थर असतात, मध्ये ‘स्कार्पाचा’ म्हणतात तो पातळ पडदा. चरबी मुख्यतः खोल थरातून काढायची आणि कातडीखाली अर्धा ते एक सेंटिमीटर थर राखायचा, ही साधारण शिस्त. कॅन्युला, म्हणजे चरबी ओढायची नळी, फार वरून फिरली किंवा एकाच वाटेने पुन्हा पुन्हा गेली, की तिथला थर संपतो आणि कातडी थेट खालच्या पडद्याला चिकटते. पोट आत घेतल्यावर खड्डा खोल जातो असं तुम्ही लिहिलंय, ती या चिकटण्याचीच खूण वाटते. यात सर्जनच्या हाताचा भाग असतोच, पण पद्धतीचाही एक अंगभूत अडसर आहे. जेफ्री क्लाइन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८७ साली ट्यूमेसंट पद्धत मांडली, भूल आणि रक्तवाहिन्या आकसवणारं औषध मिसळलेलं भरपूर द्रव चरबीत सोडायचं. त्यामुळे रक्तस्राव कितीतरी कमी झाला. पण भाग फुगलेला असतो, त्यामुळे पातळी कुठे उतरली हे टेबलावर डोळ्यांना नीट दिसत नाही. हाताने सतत चिमटीत धरून जाडी बघत राहावं लागतं.

असा खड्डा आणखी चरबी काढून भरत नाही, ही तुमची शंका रास्त आहे. शेजारी खरोखर उंचवटा उरला असेल तर तेवढाच उतरवणं योग्य असतं. ‘उंचवटा आहे की खड्ड्यामुळे कडा उंच भासतेय?’ हा पहिला प्रश्न सर्जनला विचारा. तपासणी उभं राहून, बाजूने प्रकाश टाकून व्हायला हवी. आडवं झालं की यातलं निम्मं नाहीसं होतं. ज्यांनी तुम्हाला फक्त झोपवून पाहिलं असेल त्यांनी पुन्हा पाहावं.

दुरुस्तीची रीत अशी: चोच फाकलेल्या किंवा पसरट टोकाच्या कॅन्युलाने, सक्शन बंद ठेवून, चिकटलेले धागे सोडवायचे आणि आजूबाजूची चरबी सैल करून सारखी पसरवायची. सिमियन वॉल या प्लास्टिक सर्जनची ‘सेफ’ पद्धत याच विचारावर उभी आहे. नुसतं सोडवून थांबलं तर कातडी पुन्हा जाऊन चिकटते, म्हणून मधल्या पोकळीत तुमचीच चरबी भरतात. ती एका गोळ्याने नाही, बारीक धारेने, वेगवेगळ्या पातळ्यांवर. नव्या जागी रुजेपर्यंत चरबीच्या कणाला आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या पोषणावर जगावं लागतं आणि ते दीड-दोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. मोठा गोळा भरला तर त्याचा गाभा मरतो आणि नवी गाठ होते. किती टिकेल हे माणसागणिक बदलतं, अंदाज तीन ते सहा महिन्यांनी येतो. टिकलेली चरबी पुढे वजनाबरोबर वाढते-घटते, म्हणून आधी आणि नंतर वजन स्थिर हवं.

गाठी. नवव्या महिन्यात टणक गाठ म्हणजे फायब्रोसिस (आतला कडक व्रण) असेल, मेलेली चरबी असेल किंवा तेलकट द्रवाची पिशवी. सोनोग्राफी करा, त्यात कळतं. फायब्रोसिसमध्ये स्टिरॉइडचं सौम्य इंजेक्शन कधी कधी देतात, पण जास्त झालं की तिथलीच चरबी आणि कातडी विरते. म्हणजे गाठीच्या जागी खड्डा.

सोनोग्राफीत पोटाची भिंतही बघून घ्या. दोन सिझेरियन झालेत, टाक्यांजवळ लहानसा हर्निया लपलेला असू शकतो, आणि पुन्हा कॅन्युला घालण्याआधी ते माहीत असणं जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. हे कुणी सुचवलं नसेल तर तुम्ही आग्रह धरा.

मांड्यांची सैल कातडी हा वेगळाच विषय. खालचा भराव गेला आणि कातडी तेवढी आकसली नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीने सौम्य सैलपणात थोडा फरक पडतो. जास्त सैल असेल तर कापून घट्ट करणं हाच खात्रीचा मार्ग, त्याचा व्रण कायम राहतो. मात्र ते मशीन पोटाच्या खड्ड्यावर फिरवू देऊ नका. उष्णतेने चिकटलेले धागे सुटत नाहीत, उलट उरलेली चरबी कमी होण्याची भीती. चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांचंही तसंच. डिऑक्सिकोलिक ॲसिडला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, उंचसखल पोट सपाट करायला नव्हे.

थांबण्याबद्दल: सूज बहुतेक तीन महिन्यांत उतरते, उरलेली सहा महिन्यांपर्यंत, आणि आतले व्रण मऊ व्हायला वर्षही लागतं. दुरुस्ती सहा महिन्यांआधी करूच नये, तुमच्यासारख्या टणकपणात मी वर्ष भरू देतो. कमरेची खाच इतक्या दिवसांत आपोआप थोडी भरली का? महिन्यागणिक फोटो असतील तर तुलना करा.

कधीही ताप आला, लाली पसरली, गाठीतून द्रव येऊ लागला तर मात्र थांबू नका. लायपोसक्शननंतर काही जंतुसंसर्ग आठवड्यांनी, महिन्यांनीही डोकं वर काढतात आणि साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

धुकं

पुरुषाचा अनुभव चालेल ना? माझं छातीचं झालं होतं, गायनेकोमास्टियासाठी (पुरुषाची छाती स्तनासारखी वाढणं). स्तनाग्राखाली बशीसारखा खोलगट भाग राहिला. तीन वर्षं पोहायला गेलो नाही. माझ्याकडेही चरबी भरूनच दुरुस्ती झाली, फरक चांगला आहे. अबोलीताई, फोटोंचं शस्त्रवैद्य म्हणतात ते आजच सुरू करा. एकच खिडकी, एकच वेळ, पाय ठेवायच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी. मी रोज बघायचो म्हणून मला बदल दिसायचाच नाही. पाच महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा कळलं की अर्धा टणकपणा तर गेलाय.

अबोली४१

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सांगण्यासारखं काही हातात हवं होतं.

सोनोग्राफी झाली. हर्निया नाही. दोन गाठींपैकी एक तेलकट द्रवाची पिशवी निघाली, दुसरी नुसता व्रण. पिशवी आपोआप जिरू शकते म्हणाले, तूर्त हात लावायचा नाही.

मग नव्या सर्जनकडे गेले, ज्यांनी पहिल्यांदाच मला उभं केलं. खोलीतले दिवे घालवून एकच टेबललॅम्प बाजूला ठेवला आणि मार्करने पोटावर खुणा केल्या. उंच तिथे अधिक, खोल तिथे उणे. मी मान खाली घालून बघत होते. तीन उणे आणि एकच अधिक, तोही अंगठ्याच्या नखाएवढा. म्हणजे ‘आणखी काढू’ असं जे मला सांगितलं होतं त्यासाठी तिथे काही नव्हतंच. खुणा पुसायच्या आधी मी फोटो काढून घेतला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यातली गोष्ट आणि डॉक्टरांच्या समोरची गोष्ट एकच होती.

ठरलं असं: वर्ष पूर्ण होऊ द्यायचं, मग पोटाचे धागे सोडवून चरबी भरायची, एका वेळी थोडीच. कमरेची खाच जुन्या फोटोंशी ताडून पाहिली, खरंच उथळ झालीय, तिला काही करायचं नाही. मांड्यांना व्रण नकोय मला, त्या आहेत तशा राहू देत.

एक प्रश्न उरला. जिथून चरबी घेणार तिथे गारमेंट घट्ट हवं म्हणतात, आणि जिथे भरणार तिथे दाब नको. दोन्ही जागा पोट आणि कंबर, अगदी लागून. हे जमवायचं कसं? गारमेंटची धास्तीच बसलीय मला.

कृष्णकमळ

माझ्या गारमेंटला भरलेल्या जागेवर खिडकी कापली होती. कडा काचू नये म्हणून आतून मऊ फोम लावला होता.

शस्त्रवैद्य

खिडकी हा चांगला उपाय आहे, पण आकार सर्जनने तुमच्या अंगावर आखून द्यावा. घरी अंदाजाने कापू नका, कापाची कडा रुतली तर तिथेच नवी खाच पडते. दुसरा मार्ग म्हणजे चरबी लांबून घ्यायची, मांडीच्या बाहेरून वगैरे, मग पोटावर दाब द्यायची गरजच बरीच कमी होते. हे आत्ताच विचारून ठेवा, ऑपरेशनच्या दिवशी नको. आणि पहिले काही आठवडे बसताना पाठ मागे टेकवून, जरा पसरून बसा. पुढे वाकून बसलं की कापड दुमडतंच.

अबोली४१

विचारते. खुर्ची बदलून घेतलीय, मागे रेलता येते अशी.