सोलर बसवू का नको? महिना २६० युनिट, पाचगाव. २ किलोवॅट पुरेल का ३ घ्यावं?

पाचगावकर

नमस्कार मंडळी, गेले तीन महिने घरात एकच विषय चाललाय, सोलर बसवायचं का नको. घर कोल्हापूरजवळ पाचगावात, खाली-वर दोन मजले, स्लॅब १९९८ चा. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई-बाबा. वर्षभराची बिलं काढून बेरीज मारली तर सरासरी २६० युनिट येतात महिन्याला, बिल तीन हजाराच्या आसपास. एप्रिल-मे मध्ये एसी चालू झाला की ३८० युनिट आणि बिल पाच हजाराच्या वर. पुढच्या वर्षी बायकोसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार आहे, ती रोज उजळाईवाडीला जाते.

तिघांकडून कोटेशन घेतलं आणि तिघांनी तीन तऱ्हेचं सांगितलं. पहिला म्हणतो ३ किलोवॅट घ्या, २ लाख, त्यात पीएम सूर्यघर योजनेतली ७८ हजार सबसिडी परत येते. दुसरा म्हणतो गच्ची मोठी आहे तर ५ किलोवॅटच बसवा, एकदाच होऊन जाऊदे. तिसरा म्हणतो तुम्हाला २ किलोवॅट पुरे, १ लाख ४० हजार, त्यावर ६० हजार सबसिडी.

बाबांचं म्हणणं, सव्वा लाख एफडीत टाक, व्याज तरी दिसतंय डोळ्याला. आईचं म्हणणं वेगळंच, गच्ची गेली तर मिरच्या कुठं वाळवायच्या. आमच्याकडं दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, आठ-दहा किलो मिरची पसरलेली असते. दोघांचंही मला चूक वाटत नाही म्हणून अडकलोय. ज्यांनी प्रत्यक्षात बसवलंय त्यांनी खरा अनुभव सांगा. पावसाळ्यात कितपत चालतंय ते पण सांगा, जुलैत आमच्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही.

राजारामपुरी_गल्ली१३

आम्ही डिसेंबर २०२४ ला ३ किलोवॅट बसवलं. माझे आकडे सांगतो, मोबाईलवर अ‍ॅपमध्ये रोजचे दिसतात. मे मध्ये ४०५ युनिट झाले, जुलैत १९८. म्हणजे पावसाळ्यात निम्म्यावर येतंय, बंद पडत नाही. ढगातूनसुद्धा थोडं थोडं चालू असतं. नेट मीटर असल्यामुळं उन्हाळ्यात जास्तीचे युनिट महावितरणकडं जमा होतात आणि पावसाळ्यात ते वापरले जातात, त्यामुळं जुलैचं टेन्शन घेऊ नका. फक्त एक लक्षात ठेवा, हा हिशोब ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी जे युनिट शिल्लक राहतील त्याचे पैसे मिळतात पण अगदी कमी दरानं, आपण ज्या दरानं वीज घेतो त्या दरानं नाही. म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवून कमाई होईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता आमची चूक. आम्हाला वाटलं सोलर म्हणजे लाईट गेली तरी घर चालणार. बसवल्यावर वळवाच्या दिवसात संध्याकाळी चार वाजता लाईट गेली, बाहेर अजून लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, तो पण बंद. फोन केला तर म्हणाले ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर, असंच असतंय. मग समजलं की लाईन बंद असताना आपली वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल, म्हणून तो आपोआप बंद होतो. नियम बरोबर आहे, पण आधी कुणी सांगितलं नव्हतं. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. आमचा जुना बॅटरी-इन्व्हर्टर होता तोच परत जोडलाय, दोन पंखे आणि ट्यूब तेवढ्यावर चालतात.

बिल_नीट_वाचा

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बिलाच्या मागच्या पानावर आहे. दराचे स्लॅब बघा, म्हणजे टप्पे. पहिले १०० युनिट स्वस्त, वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे) धरून सहा रुपयांच्या आसपास. १०१ ते ३०० ला दर साधारण दुप्पट होतो आणि ३०० च्या पुढं त्याहून महाग. वर १६ टक्के वीज शुल्क. सोलरचं पहिलं युनिट तुमचं सगळ्यात महाग युनिट कमी करतंय आणि शेवटचं युनिट सगळ्यात स्वस्त. ही गोष्ट कुठलाच विकणारा सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं १ किलोवॅटला वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला ११० युनिट धरून चाला. २ किलोवॅट म्हणजे २२०. तुमचे २६० मधले २२० गेले की ४० राहतात, ते सहा रुपयेवाले, बिल येईल स्थिर आकार धरून चार-साडेचारशे. म्हणजे महिन्याला २,६०० च्या आसपास वाचले, वर्षाला ३१ हजार. घातले किती? १ लाख ४० हजार वजा ६० हजार, म्हणजे ८० हजार. तीन वर्षाच्या आत वसूल.

आता ३ किलोवॅट. २ लाख वजा ७८ हजार म्हणजे १ लाख २२ हजार. महिन्याला ३३० युनिट, तुमचा वापर २६०. बिल फक्त स्थिर आकारावर येईल, तो कधीच शून्य होत नाही. बचत वर्षाला ३५ हजार धरा. साडेतीन वर्षात वसूल, हे पण वाईट नाही. पण नीट बघा, तिसऱ्या किलोवॅटला तुम्ही वेगळे ४२ हजार घातले आणि त्यानं वर्षाला फक्त चार हजार जास्तीचे वाचवले. सबसिडी पण तशीच आहे, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार आणि त्यापुढं काही नाही, ७८ हजारावर थांबते. म्हणून ५ किलोवॅटवाल्याला सरळ नको म्हणा, तुमच्या वापराला त्याचा काही उपयोग नाही.

बाबांच्या एफडीचं पण करून बघितलं. १ लाख २२ हजारावर ७ टक्के धरले तर वर्षाला साडेआठ हजार. मुद्दल राहतं हे बाबांचं बरोबर आहे, सोलरमध्ये मुद्दल गच्चीवर अडकतं. पण साडेतीन वर्षात ते परत आलं की तेच एफडीत टाका आणि वर सोलर चालूच आहे. त्यांना असं कागदावर मांडून दाखवा, पटेल.

स्कूटर घेणार हे मात्र महत्त्वाचं. रोज तीस किलोमीटर धरलं तर दिवसाला साधारण एक युनिट, म्हणजे महिन्याला तीस. एवढ्यासाठी अख्खा किलोवॅट लागत नाही. दुसऱ्या खोलीत पण एसी बसवणार असाल तरच ३ घ्या.

मंगळवार_पेठेची_सुनबाई

मला आईंच्या मिरच्यांबद्दल बोलायचंय, कारण आमच्याकडं ह्यावरून महिनाभर भांडण झालं. सासूबाई म्हणाल्या गच्ची नाही तर घर नाही. पापड, कुरडया, चटणीची मिरची, गाद्या उन्हात टाकणं, सगळं तिथंच. शेवटी आम्ही उंच स्ट्रक्चर केलं, पुढून आठ फूट आणि मागून साडेनऊ. खाली आरामात फिरता येतं. मिरच्या पॅनलच्या खाली सावलीत नीट नाही वाळत, त्या दक्षिणेकडच्या मोकळ्या पट्ट्यात घालतो. पण निवडायला, देठं काढायला, मसाला भाजून गार करायला सावली मिळाली, आता सासूबाई दुपारी बारा वाजता पण वर बसतात, पूर्वी सकाळी नऊलाच खाली यावं लागायचं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा धरा.

उंच केलं की खर्च वाढतो, आमचे बावीस हजार वरचे गेले. आणि इथंच आमची फसगत झाली. बसवणाऱ्यानं स्लॅबला सरळ होल मारून बोल्ट ठोकले, वरून थोडं सिमेंट फासलं आणि गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलच्या सिलिंगला ओल आली, बरोब्बर त्या चार पायांच्या खाली. चार-चार फोन केले, येतो येतो म्हणत पावसाळा काढला. दिवाळीनंतर दुसऱ्या गवंड्याकडून पायाभोवती काँक्रीटचे ठोकळे ओतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, तेव्हा कुठं थांबलं. तुमचा स्लॅब १९९८ चा आहे, प्लीज आधी ठोकळे आणि वॉटरप्रूफिंग, मग पॅनल. आणि हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

वायरिंगवाला_काका

बत्तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय म्हणून थोडं लिहितो. उंच स्ट्रक्चर घेणार असाल तर पाइप हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) आहेत का बघा, वेल्डिंग करून नुसता चंदेरी रंग मारलेला असेल तर आपल्या पावसात तीन वर्षात त्या सांध्याला गंज येतोय. वळवाचं वारं खालून उचलतं, पॅनल एकेक २५-३० किलोचं असतं, ते उडालं तर शेजाऱ्याच्या घरावर जाईल.

अर्थिंग तीन वेगळी पाहिजेत, वीज पडायच्या अरेस्टरला एक, पॅनल-स्ट्रक्चरच्या डीसी बाजूला (पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत) एक आणि एसी बाजूला (इन्व्हर्टरपासून घराच्या लाईनपर्यंत) एक. पैसे वाचवायला एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडलेल्या मी बघितल्यात, उपटून परत करायला लावल्यात. खड्डे खणताना स्वतः उभं राहा.

शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीकडची जी मंडळी वाचत असतील त्यांच्यासाठी खास. इन्व्हर्टर तळमजल्यावर लावू नका. २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण अजून भिंतींवर आहे, तिच्या वर लावा. आणि मेन स्विच पाडला म्हणजे सगळं सुरक्षित असं समजू नका. ऊन असेतोवर पॅनलमधून येणाऱ्या डीसी वायरीत करंट असतोच, तो पॅनलकडं बंद होत नाही. पाणी चढायला लागलं तर त्या वायरीला हात लावू नका. पाचगावला पुराचा प्रश्न नाही, तरी वायर कुठून उतरवणार ते आधी ठरवा, पोरं घरात आहेत.

वडणगेकर

आमच्याकडं दोन वर्ष झाली, चांगलं चाललंय. पण एक गोष्ट शहरातल्यांना म्हाईत नसती म्हणून सांगालोय. आमच्या घरामागं गुऱ्हाळ हाय. दसऱ्यानंतर चिपाड जळायला लागलं की काळी राख उडून पॅनलवर बसती, बारीक, तेलकट. पहिल्या सीझनला माझं लक्षच न्हाई. डिसेंबरात कडक ऊन असून युनिट कमी का येतंय म्हणून वर चढलो, बोट फिरवलं तर बोट काळं. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी ९ चं ११ युनिट झालं.

आता सीझनमध्ये आठवड्याला धुतो, बाकी महिन्यातनं दोनदा, पावसाळ्यात पाऊसच धुतोय. सकाळी सातच्या आत धुवायचं, तापल्या काचेवर गार पाणी मारायचं न्हाई. साबण-पावडर नको, मऊ फडकं नाहीतर वायपर. बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग बसत्यात आणि निघत न्हाईत, मी नळाचं पाणी दोन बादल्या वर नेतो. उंच स्ट्रक्चर करणार असाल तर धुवायला चढायची सोय पण करून घ्या, न्हाईतर आठ-नऊ फुटावर कोण चढणार.

नारळाची सावली पडती का तेबी बघा. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्या लाइनीतल्या बाकीच्यांची वीज पण कमी होऊ शकती, फक्त त्या एकाची न्हाई. आमचं एक झाड होतं त्याच्या झावळ्या काढून घेतल्या, झाड ठेवलं.

पाचगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी घरी येऊन पण सांगितलं नसतं. काल रात्री बाबांना तो २ आणि ३ किलोवॅटचा हिशोब वहीत लिहून दाखवला. ते शांतपणे वाचत बसले आणि म्हणाले, मग ५ वाला आपल्याला का फसवत होता. त्यांच्या मनातलं एफडीचं निघालं असं वाटतंय. आईला आठ फुटाची सावली हे वाचून दाखवलं, ती आजच टेप घेऊन गच्चीवर गेली आणि मिरचीची जागा खडूनं आखून आली, १२ फूट बाय ८.

आमच्या दक्षिणेला शेजाऱ्याची पाण्याची टाकी आहे, डिसेंबरात तिची सावली किती लांब येते ते सकाळी नऊ, बारा आणि तीनला बघून ठेवतो. अजून एक अडचण, बिल अजून आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन अकरा वर्षं झाली. चालेल का?

राजारामपुरी_गल्ली१३

नाही चालणार, तेच आधी करा. सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा असतो आणि अर्जदाराचं नाव बिलावरच्या नावाशी जुळावं लागतं, सबसिडी पण त्याच नावाच्या बँक खात्यात येते. वारसाची कागदपत्रं आणि घरफाळ्याची पावती घेऊन नाव बदलाचा अर्ज टाका, बाबांच्या नावावर करा. आणि सबसिडी सगळं चालू झाल्यावर, मीटर बसल्यावर येते, म्हणजे आधी पूर्ण पैसे तुम्हालाच घालावे लागतात, त्याची तयारी ठेवा. पैसे एकदम नसतील तर सरकारी बँका ह्या योजनेत ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता कर्ज देतात, तुमच्या बँकेत विचारून बघा.

पाचगावकर

सोमवारी बाबांना घेऊन नाव बदलायला जातोय. २ किलोवॅट नक्की केलं, इन्व्हर्टर मात्र ३ चा घालून द्या म्हणून तिसऱ्या माणसाला सांगितलंय, म्हणजे पुढं दुसरा एसी आला तर परत परवानगी काढून फक्त पॅनल वाढवायची. ठोकळे, वॉटरप्रूफिंग, तीन अर्थिंग आणि वर चढायची शिडी एवढं कोटेशनमध्ये लिहून मागितलंय, तो म्हणतो अठरा हजार वाढतील. हे बरोबर आहे का काका?

वायरिंगवाला_काका

शिडीसकट अठरा म्हणजे ठीक आहे. अर्थिंगच्या खड्ड्याची खोली पण लिहून घ्या.