हॉट टब असलेल्या कॉटेजमधली सुट्टी : तुमचे अनुभव लिहा

येत्या जानेवारीत आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं पूर्ण होताहेत. आम्ही घरचे आठजण, त्यात दोन लहान मुलं. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपीची गोळी चालू आहे. नाशिकपासून दोन-तीन तासांच्या आत, शेताबांधावरचं, अंगणात गरम पाण्याचा टब असलेलं घर दोन रात्रींसाठी शोधतेय. फोटोंमध्ये सगळीकडे तीच वाफ आणि तोच डोंगर, त्यावरून काहीच कळत नाही. जे जाऊन आलेत त्यांनी सविस्तर लिहा. पाणी खरंच गरम मिळालं का? वयस्कर माणसांना चढता-उतरता आलं का? जागेचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.

*

गेल्या डिसेंबरात गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ दोन रात्री राहिलो. निफाडचा पारा रोज पेपरात येत होता, इतकी थंडी. आम्ही चारला पोचलो आणि केअरटेकर दादांनी आमच्यासमोर टबात पाइप सोडला. म्हणाले, "होईल तासाभरात गरम." रात्री दहाला हात घातला तर कोमट. मुलं पोहण्याचे कपडे घालून, टॉवेल गुंडाळून वाट बघत सोफ्यावरच झोपली. फार वाईट वाटलं.

पहाटे सहाला मला जाग आली. बाहेर येऊन झाकण उचललं, तर चेहऱ्यावर वाफ आली. धाकट्याला तसाच उचलून आणला. समोर धरणावर धुकं, पाणी दिसतच नव्हतं, नुसता एका टिटवीचा आवाज. त्याच्या भुवयांवर वाफेचे बारीक थेंब जमले होते आणि तो न हलता बसला होता. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं पोर. त्या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा पैसे भरीन, पण पाणी आदल्या दिवशीच भरायला सांगीन.

*

वरचं पाणी का तापलं नाही ते सांगतो. सातपूरला २२ वर्षं बॉयलरवर काम केलंय. चार-सहा माणसांच्या टबात साधारण १,२०० लिटर पाणी मावतं. थंडीत टाकीतलं पाणी २० अंश धरा. ते ३८ वर न्यायला जवळपास २५ युनिट वीज लागते. हीटर ३ किलोवॉटचा असेल तर आठ तासांच्या वर गेलं. झाकण उघडं राहिलं तर वाफेबरोबर उष्णता जाते ती वेगळीच. म्हणजे चारला भरलेला टब मध्यरात्रीनंतरच तापणार. केअरटेकरचा दोष नाही, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा पाणी कधी भरणार, झाकण आहे का आणि लाइट गेली तर हीटर जनरेटरवर चालतो का, हे आधी विचारून घ्या. आमच्या दोन्ही वेळच्या ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे-पंखे होते.

*

मी वाईट अनुभव लिहिते, कारण तुमच्याबरोबर मुलं आहेत. जुलैत इगतपुरीकडच्या एका बंगल्यात गेलो होतो. पाऊस धो धो, टबावर पत्र्याची शेड, फार छान वाटत होतं. पाण्याला किंचित हिरवट झाक होती आणि काठाच्या आतून हात फिरवला तर बुळबुळीत लागलं. तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. दोन दिवसांनी मला आणि भाचीला पोटावर, मांड्यांवर लाल पुरळ उठलं, नेमकं ओला पोशाख अंगाला चिकटून राहिला होता तिथेच. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गरम पाण्याच्या टबात बसला होतात का?" क्लोरीन कमी पडलं की अशा पाण्यात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि केसांच्या मुळांशी संसर्ग होतो, असं त्यांनी समजावलं. आठवड्यात बरं झालं, पण भाची बिचारी रात्र रात्र खाजवत होती. काठ हाताने चाचपून बघा. बुळबुळीत लागला तर उतरूच नका, आणि बाहेर आल्यावर साबण लावून आंघोळ घाला मुलांना.

*

आमचा अनुभव लांबचा आहे, माणसं मात्र नाशिकचीच. लेक मँचेस्टरला असते. तिने आम्हा दोघांना बक्स्टनजवळ शेतातल्या एका दगडी कॉटेजमध्ये नेलं. बक्स्टन हे रोमन काळापासूनचं झऱ्यांचं गाव. तिथे सेंट ॲन्स वेल म्हणून धार आहे, साधारण २८ अंशांचं पाणी सतत वाहत असतं आणि लोक रांगेने बाटल्या भरून नेतात, पैसे पडत नाहीत. हे म्हणाले, "रामकुंडावरून लोक कॅन भरून नेतात, तसंच की." डिसेंबर होता, चारलाच अंधार पडायचा.

कॉटेजमागे लाकडी टब होता आणि त्याला जोडून लोखंडी शेगडी, तिच्यात ओंडके घालायचे. ह्यांनी ती बघितली आणि एकदम म्हणाले, "अगं, हा तर बंब!" सिन्नरच्या वाड्यात तांब्याचा बंब पेटवायचं काम लहानपणी ह्यांच्याकडेच होतं. जावयाने दोनदा पेटवला, दोन्ही वेळा नुसता धूर. मग ह्यांनी राख ओढून काढली, खाली बारीक ढलप्या उभ्या रचल्या, हवेला वाट ठेवली, मोठा ओंडका शेवटी. चार तास दर वीस मिनिटांनी कोट घालून बाहेर जात होते, कुणाला हात लावू देईनात. पाणी तापलं तेव्हा बापलेक आत बसले. दहा-पंधरा मिनिटं झाली की काठावर यायचे, अंगावर टॉवेल, पाय पाण्यात. लेक लहान असताना ह्यांची कायम रात्रपाळी असायची. त्या दोघांना इतका वेळ बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी खिडकीतूनच बघितलं, बाहेर गेले नाही.

*

तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी सांगते, वज्रेश्वरी-गणेशपुरीचाही विचार करा. आम्ही सासूबाईंना घेऊन कसारा घाट उतरून, अंबाडीमार्गे गेलो. राहायला जवळच्याच एका शेतघरात, टब नव्हता, पण गरज काय? अकलोलीला तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत, गणेशपुरीतही आहेत. ते पाणी काही ज्वालामुखीचं नाही. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. गंधकाचा वास येतो, तो कपड्यांना धुईपर्यंत राहतो. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेच्या वेळी वज्रेश्वरीला नवस बोलला होता आणि १७३९मध्ये किल्ला घेतल्यावर मंदिर बांधलं, ही गोष्ट सासूबाईंनीच आम्हाला वाटेत सांगितली.

खरं सांगायचं तर रविवारी गर्दी फार आणि बायकांना कपडे बदलायला आडोसा कमी. मंगळवारी पहाटे गेलो तेव्हा निवांत मिळालं. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, एकाने पुढे उतरून हात द्यावाच लागतो. काही कुंडांचं पाणी सोसवत नाही इतकं कढत असतं, आधी हाताने बघा. सासूबाई दुसऱ्या दिवशी मांडी घालून जेवायला बसल्या. चार दिवसांनी गुडघे पुन्हा दुखायला लागले, पण ते चार दिवस त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला विसरता येत नाही.

*

एक विनंती. एप्रिल-मेमध्ये असं बुकिंग करू नका. मी त्र्यंबक तालुक्यात शाळेत शिकवते. उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या मुली डोक्यावर हंडा घेऊन दोन-दोन खेपा करून मग शाळेत येतात. सरकारी हिशेब खेड्यात माणशी रोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे एक टब हे वीसेक माणसांचं दिवसाचं पाणी झालं. जानेवारीत जा, आनंदाने जा.

*

ताई, बरोबर लिहिलंत. त्र्यंबक रोडला आमच्या दोन कॉटेज आहेत. मार्चअखेर आम्ही टब बंद करतो. बदलायचं पाणी टाकून देत नाही, क्लोरीन घालणं थांबवून दोन-तीन दिवस उघडं ठेवतो आणि मग आंब्यांना सोडतो.

धागा काढणाऱ्या ताईंना : पाणी ४० अंशांच्या वर मागू नका, बाबांसाठी ३७ पुरे, आणि तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं, झटकन उभं राहिलं की चक्कर येते. घोट घेऊन तर टबात बसूच नये. पाच वर्षांखालच्या मुलांना आम्ही उतरू देत नाही. मालकाला पाणी तपासायची पट्टी दाखवायला सांगा, पीएच ७.२ ते ७.८च्या मधे हवा. ज्याच्याकडे पट्टीच नाही, तिथे जाऊ नका.

*

धागा काढणारी परत आलेय. सगळ्यांचे मनापासून आभार. गंगापूरच्या बाजूलाच गेलो. पाणी आदल्या रात्री भरून ठेवलं होतं, काठ चाचपला, पट्टी बघितली. बाबांना डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितली होती. माझा मोठा मुलगा मोबाइलवर वेळ लावून बसला होता आणि दहा मिनिटं झाली की "आजोबा, उठा, हळू" असं म्हणून हात द्यायचा. रात्री शेकोटीवर हुरडा भाजला, तिथल्या काकूंनी चुलीवर बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा दिला.

आई टबात उतरली नाही. पायऱ्या दोनच होत्या, कठडाही होता, पण तिला संकोच वाटला. ती काठावर पातळ गुडघ्यापर्यंत घेऊन बसली आणि पाय आत सोडले. घरी आल्यापासून रोज रात्री बादलीत गरम पाणी घेऊन बसते. काल बाबा त्यांची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सरक जरा, माझेही मावतील."