वैद्यकीय भत्ता (एफएमए), सीजीएचएस कार्ड की आयुष्मान? सोसायटीच्या पेन्शनर ग्रुपवरची चर्चा

कदम (सेक्रेटरी): मंडळी, एक फॉरवर्ड फिरतंय. "७० वर्षांवरच्या सर्वांना ५ लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, आता सीजीएचएसला पैसे भरू नका." सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, आणि आपल्याकडे केंद्राचे पेन्शनर बरेच आहेत. खरं काय ते जाणकारांनी सांगा.

देशमुख मॅडम (सी-१०४): पहिलं वाक्य खरं, दुसरं घातक. ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ज्यांच्याकडे सीजीएचएस किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे त्यांना दोन्ही घेता येत नाहीत, एकच निवडावं लागतं. शिवाय ते ५ लाख घराला आहेत. नवरा-बायको दोघे सत्तरीपुढचे असले तरी रक्कम दोघांत मिळून.

जोशी काका (ए-२०१): आणि आयुष्मान म्हणजे दाखल झाल्यावरचा खर्च. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात नाहीत. म्हातारपणी दाखल व्हायची वेळ क्वचित येते, गोळ्या मात्र रोज लागतात. सीजीएचएस सोडून तिकडे जाणं म्हणजे चालू दुकान बंद करून जत्रेतला स्टॉल घेणं.

सौरभ पाटील (बी-६०३): काका, बाबा दोन महिन्यांनी रिटायर होताहेत. पगाराचा लेव्हल ७. नोकरीतलं सीजीएचएस कार्ड आहे, ते तसंच चालू राहील ना?

देशमुख मॅडम: नाही. ते कार्ड नोकरीसोबत संपतं. खात्यात जमा करायचं आणि तसा दाखला घ्यायचा. हा सरेंडर दाखला नसेल तर पेन्शनर कार्डाचा अर्ज हमखास अडकतो, म्हणून शेवटच्या दिवशी हार-नारळाच्या गडबडीत विसरू नका. बाकी कागद: पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (हातात आला नसेल तर तात्पुरता पीपीओ किंवा शेवटचं वेतन प्रमाणपत्र), पत्त्याचा पुरावा, सगळ्यांचे फोटो, अवलंबितांचे पुरावे, वर्गणी भरल्याची पावती. वर्गणी आता सीजीएचएसच्या नव्या पोर्टलवरूनच भरायची. एप्रिल २०२५ च्या शेवटी जुनी साइट बंद झाली, तेव्हापासून परस्पर भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर जाऊन पैसे भरायची सोय नाही. नवी नोंद पॅनला जोडलेली असते, त्यामुळे पॅनवरचं नाव आणि पीपीओवरचं नाव आधी ताडून पाहा.

सौरभ: वर्गणी किती?

देशमुख मॅडम: महिन्याचे दर असे. लेव्हल १ ते ५ ला २५०, लेव्हल ६ ला ४५०, ७ ते ११ ला ६५०, १२ आणि वर १०००. पेन्शनरने वर्षाचे एकदम भरायचे, नाहीतर १२० महिन्यांचे एकरकमी भरून आयुष्यभराचं कार्ड घ्यायचं. तुझ्या बाबांना वर्षाला ७,८०० किंवा एकदाच ७८,०००. लेव्हल कोणता धरायचा यावर घोळ होतो. पदाचं नाव पाहू नका, शेवटच्या वेतन प्रमाणपत्रावर जो लेव्हल आहे तो.

जोशी काका: माझं मत स्पष्ट आहे. जमत असेल तर एकरकमी भरा. पुढे दर वाढले तरी फरक मागत नाहीत, नूतनीकरण विसरायचा प्रश्न नाही, आणि पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला पुन्हा भरावं लागत नाही.

शेख काका (ए-५०२): सहमत. वरून एवढ्या पैशांत पूर्वीचे आजार धरून सगळं कव्हर. साठीला नवीन मेडिक्लेम काढायला जा, आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ घालतात. इथे तो प्रकारच नाही.

नाईक वहिनी (डी-३०३): आमचे सासरे पोस्टातून निवृत्त, रत्नागिरीला राहतात. त्यांना पेन्शनबरोबर १००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. कार्ड काढायचं तर भत्ता जाईल का?

देशमुख मॅडम: वहिनी, तो एफएमए, म्हणजे ठरावीक वैद्यकीय भत्ता. जुलै २०१७ पासून महिना १०००. सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे, रत्नागिरी बाहेरच येते. त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. फक्त भत्ता. किंवा भत्ता सोडून पुण्या-मुंबईचं पूर्ण कार्ड. किंवा ओपीडीसाठी भत्ता आणि दाखल होण्यासाठी कार्ड. रत्नागिरीत राहणाऱ्याने गोळ्यांसाठी महिन्याला पुण्याला यायचं हे व्यवहार्य नाही, म्हणून तिसरी वाट बरी. मात्र त्यातही वर्गणी पूर्ण भरावी लागते, निम्मी नाही. लोक इथे फसतात.

नाईक वहिनी: आणि उद्या ते कायमचे आमच्याकडे पुण्याला आले तर?

देशमुख मॅडम: मग भत्ता बंद करून पूर्ण कार्ड. पर्याय आयुष्यात एकदाच बदलता येतो, तेव्हा चार महिने राहून बघू म्हणून बदलू नका. क्रमही महत्त्वाचा: आधी पेन्शन वितरण करणाऱ्याला कळवून भत्ता थांबवा, थांबल्याचा दाखला घ्या, तो सीजीएचएसला द्या. बँक भत्ता देत राहिली आणि इकडे ओपीडी चालू झाली, तर नंतर वसुली निघते आणि ती पेन्शनमधून कापतात.

सौरभ: माझं नाव बाबांच्या कार्डावर राहील का? मी २६ चा आहे.

जोशी काका: २५ ला संपलं रे. मुलगा २५ वर्षांपर्यंत, किंवा कमवायला लागेपर्यंत, किंवा लग्नापर्यंत, यातलं जे आधी होईल ते. मुलीला वयाची अट नाही, कमाई किंवा लग्न होईपर्यंत. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर मुलाला वयोमर्यादा नाही. आजी-आजोबा बाबांवर अवलंबून असतील तर त्यांचं उत्पन्न ९,००० अधिक त्यावरचा महागाई भत्ता, एवढ्याच्या आत हवं. त्यात त्यांची पेन्शनही मोजतात. आईला मात्र ही उत्पन्नाची अट लागू नाही.

शेख काका: वॉर्डचं पण सांगा. ॲडमिट करताना काउंटरवर यावरून वाद होतो.

देशमुख मॅडम: मूळ वेतन ३६,५०० पर्यंत जनरल, ३६,५०१ ते ५०,५०० सेमी-प्रायव्हेट, त्यापुढे प्रायव्हेट. हे मूळ वेतन आहे, मूळ पेन्शन नव्हे. २८,००० पेन्शनवाला स्वतःला जनरलचा समजतो, पण त्याचं शेवटचं मूळ वेतन ५६,००० होतं. कार्डावर वॉर्ड छापलेला असतो, कार्ड हातात आल्याआल्या तपासा. चुकला असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या, स्ट्रेचरवर असताना नाही.

कदम: मधेच विचारतो, खासगी हॉस्पिटलला थेट जाता येतं की आधी सीजीएचएसची डिस्पेन्सरी?

जोशी काका: आता वेलनेस सेंटर म्हणायचं 🙂 वय ७० पूर्ण असेल तर सीजीएचएसच्या पॅनेलवरच्या, म्हणजे मान्यताप्राप्त, हॉस्पिटलमध्ये तज्ज्ञाला थेट दाखवता येतं. आधी ही सवलत ७५ ला होती, २०२४ मध्ये ७० वर आणली. त्याखालच्यांनी सेंटरमधून रेफरल, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवल्याची चिठ्ठी, घ्यायचा. एक रेफरल तीन महिने चालतो, त्यात जास्तीत जास्त सहा भेटी, आणि मूळ तज्ज्ञाने सुचवलं तर त्याच हॉस्पिटलातल्या आणखी दोघा तज्ज्ञांना त्याच कागदावर दाखवता येतं. सरकारी तज्ज्ञाने किंवा सेंटरच्या डॉक्टरने सीजीएचएसच्या यादीतली तपासणी लिहून दिली असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. यादीत नसलेली असेल तर आधी परवानगी, नाहीतर पैसे खिशातून.

शेख काका: औषधांचं एक. खासगी तज्ज्ञ ब्रँडचं नाव लिहितो, सेंटर त्याच घटकाचं दुसरं औषध देतं. तिथे भांडू नका. घटक आणि मिलिग्रॅम जुळतंय ना एवढं बघा. स्टॉकमध्ये नसेल तर इंडेंट (मागणीपत्र) लागतो, केमिस्टकडून यायला एक-दोन दिवस जातात. म्हणून डबी रिकामी व्हायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी जा.

सौरभ: कॅशलेस असूनही हॉस्पिटल पैसे मागतं असं ऐकलंय.

देशमुख मॅडम: पॅनेलवरच्या हॉस्पिटलने पेन्शनरकडून ॲडव्हान्स मागायचा नसतो. बहुतेक शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये (सगळं धरून एकच ठरलेला दर) असतात आणि पॅकेजला दिवस ठरलेले असतात: सुपरस्पेशालिटीला १२ पर्यंत, इतर मोठ्या शस्त्रक्रियेला ७, लॅप्रोस्कोपीला ३, डे-केअरला १. त्या दिवसांतली खोली, तपासण्या, नेहमीची औषधं पॅकेजमध्येच. वेगळं बिल लावलं तर कारण लेखी मागा. खिशातून कुठे जातात? वरचा वॉर्ड मागितला तर, आणि लेन्स-स्टेंटसारख्या वस्तूत, कारण त्यांना कमाल मर्यादा आहे. मोतीबिंदूला "ही लेन्स जास्त चांगली" म्हणत संमतीपत्रावर सही घेतात. सही केली की फरक तुमचा. वाचून करा.

नाईक वहिनी: आणि पॅनेलवर नसलेल्या ठिकाणी न्यावं लागलं तर? रात्री हार्टचं काही झालं तर यादी कोण बघणार.

देशमुख मॅडम: खरी इमर्जन्सी असेल तर कुठेही न्या, जीव आधी. फक्त परतावा सीजीएचएसच्या दरानेच मिळतो. बिल साडेतीन लाख आणि दराने दीड लाख बसत असतील तर दीडच. क्लेम कार्ड ज्या वेलनेस सेंटरला जोडलंय तिथे द्यायचा, डिस्चार्जपासून ६ महिन्यांत. लागतं काय: भरलेला क्लेम फॉर्म, कार्डाची प्रत, मूळ बिलं, डिस्चार्ज समरी, हॉस्पिटलचं इमर्जन्सी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक. क्लेम दोन गोष्टींमुळे परत येतात. एक, तपासण्यांचं एकत्र बिल, "लॅब चार्जेस" असं; प्रत्येक तपासणीचं नाव आणि रक्कम सुटी हवी. दोन, स्टेंट किंवा इम्प्लांटचं पाकीट आणि स्टिकर जोडलेलं नसणं. ते ऑपरेशन थिएटरमध्येच कचऱ्यात जातं, म्हणून आत नेण्याआधी सांगून ठेवा.

शेख काका: मेडिक्लेमही असेल तर आधी विमा कंपनीकडे. त्यांनी मूळ कागद ठेवून घेतले तर शिक्का मारलेल्या प्रती आणि किती मंजूर केलं त्याचं पत्र घ्या, मग उरलेल्यासाठी सीजीएचएस. दोन्ही मिळून खर्चापेक्षा जास्त मिळत नाही.

तावडे सर (बी-१०१): झेडपीतून निवृत्त शिक्षकांना यातलं काही?

जोशी काका: सर, सीजीएचएस फक्त केंद्राचं. राज्याचे १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम नोकरीत असेपर्यंत. तुमच्यासाठी वय वंदना कार्ड आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना, जिथे आता पांढऱ्या रेशनकार्डवालेही बसतात. फॉरवर्डमधलं कार्ड खरं तर तुमच्या कामाचं आहे, ७० झाले असतील तर काढाच. रेल्वेवाल्यांची आणि फौजींची व्यवस्था वेगळी आहे, त्यांनी इथलं धरून चालू नये.

सौरभ: शेवटचं विचारतो, आईचं नाव बाबांच्या कार्डात आहे म्हणजे तिला वेगळं काही नको ना?

देशमुख मॅडम: प्रत्येकाचं वेगळं प्लास्टिक कार्ड आणि वेगळा लाभार्थी क्रमांक असतो, वर पेन्शनरची हिरवी पट्टी. आईचं तिच्या पर्समध्ये, बाबांचं त्यांच्या पाकिटात. दोन्हींचा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे माहीत हवं: पेन्शनर गेले तर आईने कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांवर कार्ड स्वतःच्या नावे करून घ्यायचं. त्यांचा एखादा क्लेम राहिला असेल तर वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. बहिणीची सही लागेल, ती परदेशात असेल तर त्याला वेळ जातो, आणि ते ६ महिने कुणासाठी थांबत नाहीत.