डिसेंबर २००४ चं एक पान, आणि बाकीचे अकरा महिने

कोठीकडचा:
दांडिया बझारचं घर रिकामं करतोय. कपाटाच्या फळीवर अंथरलेलं कालनिर्णयचं पान हाती लागलं, डिसेंबर २००४. बाबा दुधाचा हिशेब त्यावरच ठेवायचे: दीड, दीड, एक, खाडा. पण त्याच चौकोनांत, त्याच निळ्या बॉलपेनानं, गेलेल्या माणसांची नावंही टिपलीयत. इतकी वर्षं एका घरात राहून मला याचा पत्ता नव्हता.

११ ला 'सुब्बुलक्ष्मी'. १६ ला 'लक्ष्या'. १८ ला 'हजारे', म्हणजे क्रिकेटचे विजय हजारे, खाली दोन रेघा. २३ ला 'राव'. २६ ला नाव नाही, नुसतं 'मद्रास?' त्सुनामी हा शब्द त्या रविवारी आमच्या घरात कुणाला माहीत होता!

बाबा दूधवाल्यालाही 'अहो' म्हणणारे. त्यांनी लक्ष्मीकांत बेर्डे न लिहिता 'लक्ष्या' लिहावं, याचंच मला जास्त नवल वाटलं. पन्नाशीचाच होता तो. खालच्या मजल्यावरच्या काकी जिना चढून विचारायला आल्या होत्या, "पेलो लल्लू गयो?" 'बनवाबनवी' त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण 'हम आपके हैं कौन'मधला लल्लू त्यांच्याही घरचाच.

नरसिंह रावांवर बाबांचा राग होता, ९२ पासूनचा. तरी नाव लिहिलंय. रामटेकहून निवडून गेलेला, मराठी सफाईनं बोलणारा माणूस. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली हे मला बाबांनीच सांगितलं होतं, तेही रावांना शिव्या घालून झाल्यावर.

तर प्रश्न असा. बाकीची अकरा पानं गेली, डबे पुसण्यात नाहीतर रद्दीत. २००४ मध्ये आणखी कोणाची नावं बाबांनी लिहिली असती? मोठी यादी नको, ती मलाही शोधता येते. बँकेतून निवृत्त, सकाळ-संध्याकाळ रेडिओ, क्रिकेटचं वेड, बडोदं सोडून कुठं न गेलेला माणूस. त्यानं चौकोनात काय लिहिलं असतं ते सांगा.

सुरसागरकाठ:
१३ मार्च, विलायत खाँ. डोळे मिटून सांगतो. फैयाज खाँच्या गावात राहून, रेडिओ ऐकून, त्यांची गाणारी सतार चुकवणं शक्य नाही. पद्मश्री आणि पद्मविभूषण दोन्ही नाकारणारा माणूस. तुमच्या बाबांना हा ताठा आवडला असता की नाही, ते मात्र तुम्हीच सांगा.

दुसरं नाव ११ ऑक्टोबरचं, कीथ मिलर. हसू नका. १९४८ सालची अॅडलेड कसोटी, समोर ऑस्ट्रेलियाचे लिंडवॉल आणि मिलर, आणि हजाऱ्यांची दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात लिंडवॉलनं ३८ धावांत सात बळी घेतले. सगळा संघ मिळून २७७, त्यातल्या १४५ एकट्याच्या! ज्यानं हजारेंच्या खाली दोन रेघा मारल्या, त्यानं मिलरला निदान पेन्सिलीनं तरी लिहिलंच असतं. दोघं सव्वादोन महिन्यांच्या अंतरानं गेले.

छप्पनदुकान:
इंदूरहून लिहितोय, म्हणजे जखमेवरची खपली काढून. तुमच्या बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद यांची ती ५७७ ची भागीदारी आमच्या होळकर संघाच्या डोक्यावर बसली होती, रणजीचा अंतिम सामना, हंगाम १९४६-४७. गुल महंमद ३१९, हजारे २८८. डावानं हरलो, वर ४०९ धावांनी!

पण एक बघा. तुमच्या बाबांनी रेघा मारल्या तेव्हा सर्वात मोठ्या भागीदारीचा तो विक्रम उभा होता. २००६ च्या जुलैत कोलंबोला संगकारा-जयवर्धनेंनी ६२४ केल्या. त्या महिन्याचं पान असेल तर शोधा हो.

कोठीकडचा:
छप्पनदुकान, ते पान नाही. पण त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत एवढं आठवतंय. आई म्हणाली होती, "मेलं कोण?"

कारेलीबागची ताई:
अरे, मला न विचारता इथे लिहितोस? मी तेव्हा बाळंतपणाला घरीच होते की.

राजा रामण्णा लिही, २४ सप्टेंबर. पोखरणपेक्षा बाबांना त्यांचा पियानो जास्त माहीत. अणुबॉम्बवाला पियानो वाजवतो, हे प्रत्येक पाहुण्याला सांगून झालेलं. मेहमूद २३ जुलै, तोही असणार. ब्रॅण्डो नाही. रेगन तर मुळीच नाही.

आणि १९ तारीख बघ. हजारे गेल्याचं बाबांनी सकाळी पेपरात वाचलं. वाचून पिशवी घेऊन दुधाला गेले. नाक्यावर कोणीतरी भेटलं, दोघं अॅडलेडवर बोलत उभे राहिले तासभर, आणि परत आले ते रिकामी पिशवी घेऊन. आईनं काळा चहा केला, मला मात्र शेजारून कपभर दूध मागून आणलं. सांगलीला जन्मलेला माणूस, पण बाबा म्हणायचे, "आपले हजारे."

कोठीकडचा:
ताई, १९ ला खाडा आहे. आत्ता पाहिलं.

लॅमिनेशनला टाकू का पान?

कारेलीबागची ताई:
नको रे बाबा. आधी फोटो काढून मला पाठव, दोन्ही बाजूंचा. मागे मेथीच्या वड्यांची कृती असेल तर ती आईनं करून पाहिली होती, फसली होती.