हिपॅटायटिस बी लसीची सक्ती : कायदा काय सांगतो आणि खर्च कोणाचा?

प्रश्न : स्टाफ नर्स, मुंबई नाका

नमस्कार. मी नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात काम करते. परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय आणि सफाईच्या मावशी या सर्वांनी महिनाअखेरपर्यंत हिपॅटायटिस बी लसीकरण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र द्यावे, अन्यथा ड्युटी लावली जाणार नाही, असे परिपत्रक आमच्याकडे निघाले आहे. माझी लस नर्सिंगच्या शिक्षणातच झाली. मात्र मावशी ठेकेदारामार्फत आलेल्या असून लसीचे पैसे त्यांच्या पगारातून कापले जातील, असे त्यांना तोंडी सांगण्यात आले आहे. एक मावशी तर लस घ्यायलाच तयार नाहीत. करोनाच्या वेळी ‘सक्ती करता येत नाही’ असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, हा त्यांचा आधार. नेमकी स्थिती काय आहे?

उत्तर १ : संसर्ग नियंत्रण परिचारिका, नाशिकरोड

ताई, खर्चाबद्दल संदिग्धता नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 मधील नियम 4 नुसार, कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना व इतरांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांसारख्या आजारांविरुद्ध लस देणे हे रुग्णालय चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. ‘व इतरांना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ठेकेदाराच्या मावशी त्यातच येतात. जे काम नियमाने रुग्णालयावर टाकले आहे, त्याचे पैसे सर्वांत कमी पगाराच्या बाईकडून कापणे हे माझ्या मते त्या नियमाचा हेतूच उलटा करणे आहे.

परिपत्रकातली मुदतही निरर्थक आहे. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा असा क्रम असताना, आजवर एकही डोस न घेतलेल्या व्यक्तीने महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणायचे तरी कोठून? पहिला डोस घेतल्याची नोंद आणि पुढच्या तारखा असलेले कार्ड सध्या पुरेसे मानावे, अशी लेखी मागणी करा.

लस टाळू नये, हे मात्र त्या मावशींना समजावून सांगाच. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार साधारण 6 ते 30 टक्के असते; एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के. सुई टाकायची असते पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, पण कोणी तरी घाईत ती पिवळ्या पिशवीत टाकते आणि ती पिशवी बांधणाऱ्या मावशीच्या बोटात जाते.

उत्तर २ : वकील, गंगापूर रोड

न्यायालयाचा संदर्भ अर्धवट पोहोचलेला दिसतो. जेकब पुलियल खटल्यात 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शारीरिक स्वायत्तता (स्वतःच्या शरीराबाबत स्वतः निर्णय घेण्याचा हक्क) संविधानाच्या अनुच्छेद 21 खाली संरक्षित आहे आणि कोणावरही लस घेण्याची जबरदस्ती करता येत नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या अधिकारांवर वाजवी मर्यादा घालू शकते, हेही त्याच निकालात आहे. लस न घेतलेल्यांवरचे त्या वेळचे निर्बंध न्यायालयाला प्रमाणशीर वाटले नाहीत, याचे कारण लस न घेतलेल्यांमुळे घेतलेल्यांपेक्षा अधिक प्रसार होतो असे दाखवणारी माहिती सरकारांनी सादर केली नव्हती. तो विचार करोनाच्या संदर्भातला होता, त्यामुळे तो हिपॅटायटिस बीला जसाच्या तसा लावता येणार नाही.

माझे मत असे की धरून सुई टोचणे आणि लस न घेतलेल्या व्यक्तीला कचऱ्याच्या कामावर न ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बेकायदेशीर ठरेल, दुसरी समर्थनीय ठरू शकेल. परंतु आधी मोफत लस देऊ करणे, शंकांचे निरसन करणे, नकार लेखी घेणे आणि लिनन किंवा स्वयंपाकघरासारखे दुसरे काम देणे हे टप्पे न गाठता थेट ड्युटी बंद केली, तर व्यवस्थापनाची बाजू कमकुवत होईल. (लिननमध्येही रक्ताने माखलेल्या चादरी असतात, म्हणून पर्याय विचारपूर्वक निवडावा.)

उत्तर ३ : पॅथॉलॉजिस्ट, इंदिरानगर

एक तांत्रिक बाब. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण) तपासावे. ते 10 mIU/ml किंवा त्याहून अधिक आले तर संरक्षण मिळाले असे धरतात. काही निरोगी प्रौढांमध्ये तीन डोसनंतरही ते तितके येत नाही आणि त्यांना डोसची दुसरी मालिका द्यावी लागते. म्हणजे ज्यांच्याकडे केवळ प्रमाणपत्र आहे, त्यांनीही निर्धास्त राहू नये. डोस दंडातच घ्यावा. कमरेत घेतल्यास परिणाम कमी होतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. टायटरचा खर्चही रुग्णालयाकडेच मागावा का?

संसर्ग नियंत्रण परिचारिका, नाशिकरोड

मागावा. नियमात टायटरचा स्वतंत्र उल्लेख नाही, पण रुजू होताना आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे त्याच नियम 4 मध्ये आहे. त्या तपासणीत टायटर समाविष्ट करण्याची विनंती अर्जात करता येईल. अर्जाची पोच घ्या. दाद मिळाली नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते.