महागाई उतरली म्हणतात, मग खिशाला का कळत नाही? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-२०४: महागाईचा दर खाली आला म्हणे. कुठे आला ते आम्हालाही दाखवा कुणीतरी 😄

ए-६०१: थापा आहेत सगळ्या. सरकार कुठलंही असो.

सी-१०४: थापा म्हणून मोकळे होऊ नका. दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे. भाव चढतायतच, फक्त जरा दमाने. अमेरिकेचं बघा. जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्के होती, जून २०२३ मध्ये ३ टक्के. कागदावर आटोक्यात आली. पण जून २०२१ मध्ये जे १०० ला मिळायचं ते आधी १०९ ला गेलं आणि मग ११२ च्या वर. गिऱ्हाईकाच्या डोक्यात अजून १०० च बसलेत. तो ३ टक्क्यांचं कौतुक कशाला करेल?

बी-२०४: पटलं काका. पण पगारही वाढले असतील ना तिकडे?

सी-१०४: वाढले की. पण पगारवाढ आपल्या कर्तबगारीच्या खात्यात जाते आणि भाववाढ सरकारच्या! अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी १९९७ मध्ये लोकांनाच विचारून हे मांडलं होतं. महागाईबरोबर पगारही वर सरकतो, हे लोक फारसं धरतच नाहीत.

डी-३०३: मला विचाराल तर घोळ सरासरीत आहे. महागाई मोजायचा निर्देशांक काढतात तो सरासरी घराच्या खर्चाचा. ते घर पाहिलंय कुणी? माझ्याकडे मुलांची फी आणि आईंची औषधं. टीव्ही स्वस्त झाला की निर्देशांकाला तेवढा दिलासा. टीव्ही मी घेणार दहा वर्षांनी, औषधं लागतात दर महिन्याला. ज्याला रोज हात घालावा लागतो त्याचाच भाव लक्षात राहतो.

सी-१०४: अगदी बरोबर ताई. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या तेव्हा हेच झालं. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या आकडेवारी संस्थेच्या हिशेबाने चलनबदलामुळे महागाईत जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के भर पडली. लोक मात्र ठाम, सगळंच महागलं. वारंवार लागणाऱ्या काही बारीकसारीक सेवांचे भाव खरंच चढले होते, त्यावरूनच अख्ख्या बाजाराचा अंदाज बांधला गेला.

बी-२०४: आणि कर्जाचा हप्ता?

डी-३०३: तो तर अमेरिकेच्या निर्देशांकात धरतच नाहीत. १९८३ पासून स्वतःच्या घराचं अंदाजी भाडं धरतात, गृहकर्जाचं व्याज नाही. हप्ता कितीही फुगो, निर्देशांक ढिम्म.

ए-६०१: मग थापाच की! बेरोजगारीचंही तेच. आठवड्यात एक तास पैशासाठी काम केलं तरी माणूस रोजगारात. शोधून शोधून कंटाळून घरी बसला तर बेरोजगारांतूनच वजा.

सी-१०४: व्याख्या जगजाहीर आहे, तिला थाप कसं म्हणता? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची आहे, देशादेशांची तुलना करायला लागते. तुमचं घर कसं चाललंय, हे तिला विचारलेलंच नाही. १९३४ मध्ये अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या काँग्रेसला दिलेल्या अहवालातच बजावलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नावरून जनतेचं भलं मोजता येत नाही. ऐकलं कुणी?

बी-२०४: म्हणजे लोकांचंच खरं धरायचं?

सी-१०४: तेही डोळे मिटून नको. २०१६ ची अमेरिकेतली निवडणूक रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्प यांनी जिंकली आणि काही आठवड्यांत रिपब्लिकन मतदारांना अर्थव्यवस्था एकदम बरी वाटू लागली, विरोधी डेमोक्रॅट्सना आधीपेक्षा वाईट. तेवढ्यात कारखाने उभे राहिले नव्हते की बुडाले नव्हते.

ए-६०१: काका, आपल्याकडे तर याहून...

ॲडमिन: इथवर ठीक होतं. पुढचं पर्सनलवर बोला 🙏