हिमथराची चाचणी: दोन खड्ड्यांचे दोन निकाल, कोणता मानावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी पुण्याचा. सह्याद्रीत बरीच वर्षे भटकलो असल्याने कातळाचा अंदाज पायांना येतो, बर्फाचा अजून येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याच्या वर, अफरवटच्या उतारावर, गस्तीच्या हद्दीबाहेर स्कीइंगला जाण्यापूर्वी आम्ही तिघांनी बर्फात खड्डा खणून, हिमस्खलनाचा धोका अजमावणारी 'एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट' केली. ज्यांना ती परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो: उताराला आडवा ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर जाड ठोकळा मोकळा करून त्याच्या एका टोकावर फावडे ठेवायचे आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा मारायच्या. आतल्या एखाद्या कच्च्या थरात भेग पडून ती ठोकळाभर पसरली, तर निकाल वाईट. चौदाव्या थापेला, हातभर खोलीवर, भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. त्या थरातले कण साखरेसारखे सुटे होते. मूठ वळली तरी गोळा होईना. मग चाळीसेक पावलांवर, त्याच दिशेच्या ३४ अंशांच्या उतारावर दुसरा खड्डा खणला, तर तिसाव्या थापेपर्यंत काहीही हलले नाही. "दोनातला एक तर चांगला आला ना!" असे एक मित्र म्हणाला. दोन वैद्यांपैकी गोड औषध देणाऱ्याचे ऐकावे तसला हा हिशेब मला पटला नाही आणि आम्ही परतलो. गोंडोलापर्यंत त्याचा अबोला सोसावा लागला.

पहिला खड्डा एका खडकाजवळ होता व तेथे बर्फ जेमतेम ९० सेंटीमीटर होता. दुसरीकडे त्याच्या दुप्पट. बर्फ उथळ असला की तळ व पृष्ठभाग यांमधील तापमानाचा फरक थोड्या जाडीत सामावतो आणि दर दहा सेंटीमीटरला एक अंशाहून अधिक झाला की असे साखरकण तयार होतात, इतके मला माहीत आहे. मग मी खड्ड्याची जागाच चुकीची निवडली, की अशाच उथळ जागी माणसाच्या वजनाने भेग सुरू होऊन शेजारच्या जाड थराखाली पसरू शकते म्हणून तोच निकाल खरा मानावा?

दुसरी शंका थापांची. पुण्यात बर्फ नसल्याने मी घरच्या काटेवाल्या वजनकाट्यावर सराव करतो, आणि माझी खांद्यातली थाप मित्राच्या जवळपास दुप्पट भरते. मग आकड्याला किती महत्त्व द्यावे, आणि भेग पूर्ण पसरली की नाही याला किती?

बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) व फावडे तिघांकडेही होते; साधनांविषयीचे सल्ले कृपया नकोत.